माशाभोवती जमलेले गुलाबी किडे

बेळगावच्या शहापुरातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. दोन पानं भरून लिहिलंय, सोबत सहावीतल्या नातीने काढलेलं चित्र जोडलंय. पत्रातला कामाचा भाग असा:

"बाई, नमस्कार. निवृत्तीनंतर हौस म्हणून घरात समुद्राच्या पाण्याचा फिशटँक केला. 120 लिटरचा आहे. भाच्याने पुण्याहून दगड आणून दिले, त्यावर बटणासारखी तपकिरी फुलं आहेत. दोन क्लाउन मासे, चार गोगलगायी. सात महिने सगळं छान चाललं होतं. गेल्या आठवड्यात पावसात रात्री दहाला लाईट गेली ती पहाटेच आली. अडीचच्या सुमारास टॉर्च घेऊन बघायला गेलो तर मोठा मासा वाळूवर पडलेला आणि त्याला गुलाबी, केसाळ किडे लगडलेले. बोटभर लांब, सात-आठ तरी असतील. लहान मासा पाण्याच्या वरच्या अंगाला तोंड उघडझाप करत होता. गोगलगायी काचेवर चढून पाण्याच्या कडेला बसल्या होत्या. नातीने त्या माशाचं नाव लाडू ठेवलं होतं. सकाळी पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं.

"तेव्हापासून निरखून बघतोय तर टाकीभर किडेच आहेत. मागच्या काचेवर पांढरे वळसेदार ठिपके. एका दगडाच्या भोकातून पांढरे धागे निघून वाळूवर पसरतात. समोरच्या काचेवर तांबूस, चपटे, तिळाएवढे काहीतरी सरकतं. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली, म्हणाला आठ थेंब घाला, सगळे किडे मरतील. मंडळी म्हणतात, उकळतं पाणी ओता की त्या दगडांवर. शेजारचे म्हणाले, सगळं नाल्यात ओतून मोकळे व्हा. त्यांच्याकडे पाहुणे आलेले बैलहोंगलचे एक शेतकरी मात्र बघून म्हणाले, एरेहुळू आहे, असू दे. भाच्याने मोबाईलवर एका राक्षसी समुद्री किड्याचा व्हिडिओ दाखवला, तो आख्खा मासा ओढून नेतो. तेव्हापासून टाकीत हात घालायचं धाडस होत नाही. काय करू, सांगा."

नमस्कार.

तुमचा मासा किड्यांनी मारलेला नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की नातीला "किड्यांनी लाडूला खाल्लं" असं सांगून टाकलं. तिला खरं काय ते आजच सांगा.

तुमच्याच पत्रात सगळं उत्तर आहे. लाईट दहाला गेली, म्हणजे पंप बंद पडला, पाणी हलायचं थांबलं. पाणी हललं तरच वरून हवा मिसळते. रात्री टाकीतलं शेवाळसुद्धा प्राणवायू बनवत नाही, उलट वापरतं. मासे, गोगलगायी, किडे, दगडातले जिवाणू सगळे त्याच साठ्यावर जगत होते. त्यात खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो, गोड्या पाण्याच्या मानाने सुमारे 20 टक्के कमी. साडेचार तासांनी तुम्ही टॉर्च मारली तेव्हा लहान मासा वर तोंड करून होता आणि गोगलगायी पाण्याच्या कडेला चढल्या होत्या. हवा संपत आली की टाकीतले जीव असेच वर धावतात. मोठ्या अंगाच्या माशाला हवा जास्त लागते, तो आधी गेला. किडे नंतर आले, मेल्याचा वास लागल्यावर. आणि ते आले नसते तर सकाळपर्यंत तो मासा कुजून पाणी नासलं असतं, मग लहान मासाही वाचला नसता.

बेळगावात जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा धरायचा नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप माशांच्या दुकानात मिळतो. तो या आठवड्यातच आणा आणि बॅटरी घालून टाकीशेजारीच ठेवा. तोपर्यंत लाईट गेली तर टाकीतलंच पाणी तांब्याने काढून वीतभर उंचीवरून परत ओतायचं, दर दहा-पंधरा मिनिटांनी, दहा-बारा वेळा. माझ्या घरी टिळकवाडीत अशा किती रात्री काढल्या आहेत त्याची गणती नाही. हात भरून येतो, पण मासे जगतात. लाईट नसताना खाऊ मात्र अजिबात घालायचा नाही.

आता त्या गुलाबी किड्यांकडे येऊ. नातीच्या चित्राने माझं काम फार सोपं केलं. तिने अंगावर आडव्या रेघा मारून कप्पे पाडले आहेत आणि प्रत्येक कप्प्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचा एकेक झुबका काढलाय. पाठ करडी, कडा गुलाबी. डोक्यापाशी छोटे उंचवटे आहेत, लांब शिंगं नाहीत. पोरीने डोळे उघडे ठेवून बघितलंय. हा ब्रिसल वर्म. त्यातही उथळ समुद्रात दगडाखाली राहणाऱ्या, मेलेलं आणि उरलेलं खाणाऱ्या कुळातला. कॉलेजची मुलं घेऊन आम्ही कारवार, वेंगुर्ल्याला जायचो तेव्हा ओहोटीला दगड उलटला की याचे भाऊबंद हमखास दिसायचे. एका दगडाखाली एकदा आम्ही सोळा मोजले होते. दगड जसा होता तसा पुन्हा ठेवायचा, हा आमचा नियम होता, कारण उन्हात दहा मिनिटं उघडा राहिला तर खालची आख्खी वस्ती मरते.

तुमच्याकडे आलेल्या सगळ्यांमध्ये बैलहोंगलच्या त्या पाहुण्यांचं उत्तर खऱ्याच्या सगळ्यात जवळ गेलं. कन्नडमध्ये एरेहुळू म्हणजे गांडूळ. गांडूळ आणि हा ब्रिसल वर्म दोघेही वलयी प्राणी, म्हणजे कप्प्याकप्प्यांचं अंग असलेल्यांच्या एकाच मोठ्या घराण्यातले. शेतात गांडूळ जे करतं तेच हा टाकीत करतो. माशांच्या तोंडून निसटलेला दाणा, विष्ठा, मेलेली गोगलगाय, सडकं शेवाळ, जे दगडाच्या फटीत जाऊन कुजणार ते तो आत शिरून खातो आणि जाता-येता वाळू खालीवर करतो. ज्या माणसाने शेतात गांडूळ पाहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही. त्या गृहस्थांना माझा नमस्कार कळवा.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. गांडूळ हातात घेता येतं, हा नाही. ते पांढरे केस म्हणजे चुन्याची बारीक, पोकळ, ठिसूळ कुसं आहेत. शेवग्यावरचा सुरवंट अंगाला लागला की जी आग होते, किंवा खानापूरकडच्या रानात खाजकुइली लागली की जे होतं, तशातलं हे. कुसं कातडीत मोडून राहतात. उघड्या हाताने दगड उचलू नका, रबरी हातमोजे घाला. लागलंच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी हलकेच दाबून ओढून काढायची, दोन-चार वेळा, मग साबणाने धुवायचं. बहुतेकांची आग काही तासांत उतरते. सूज वर चढायला लागली किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट डॉक्टरांकडे.

आणि सुरीने किंवा कात्रीने तुकडे करू नका. हे मुद्दाम लिहिते, कारण चिमट्यात अर्धवट सापडलेला किडा पाहून हात आपोआप तिकडे जातो. या कुळातल्या काही जाती तुकड्यांतूनच वाढतात. एकाचे तीन केलेत तर काही आठवड्यांनी तीन पुरे किडे तुमच्यासमोर असतील.

किडे फार वाटतात का? मग किती खाऊ पडतो ते बघा. ब्रिसल वर्मची संख्या टाकीत उरणाऱ्या अन्नावर ठरते. तुम्ही लिहिलंय, सकाळी तुम्ही घालता, शाळेतून आल्यावर नात घालते, रात्री पुन्हा "दोन दाणे". दोन माशांना एवढं कशाला? दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. नातीचा हक्क काढून घेऊ नका, तिलाच घालू द्या, तुम्ही घालू नका. महिन्या-दोन महिन्यांत किडे आपसूक आटतील. त्याआधीच काही कमी करावेसे वाटले तर औषधाची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या, स्वच्छ धुवा, झाकणाला बोरूच्या जाडीची दोन भोकं पाडा, आत कोळंबीचा तुकडा आणि एक खडा घालून दिवे घालवल्यावर वाळूवर आडवी ठेवा. दोन तासांनी उचला. पण रात्रभर ठेवायची नाही, कोळंबी कुजते.

तुमच्या भाच्याने दाखवलेला किडा खरा आहे. त्याला बॉबिट वर्म म्हणतात, शास्त्रीय नाव युनिस ॲफ्रोडिटॉइस. तो जवळजवळ तीन मीटरपर्यंत वाढलेला सापडला आहे आणि वाळूतून झडप घालून मासा धरतो, हेही खरं. पण त्याचं रूप वेगळं. डोक्यावर पाच लांब शिंगं असतात, मोजता येतील अशी. अंग इंद्रधनुष्यासारखं चमकतं, मोरपिसावर तिरपा उजेड पडल्यासारखं. केसांचे झुबके डोळ्यांत भरत नाहीत. आणि मेलेल्या माशावर सात-आठ जण मिळून उघड्यावर जेवायला तो येत नाही. तो एकटा बिळात राहतो, फक्त डोकं बाहेर. तुमच्या नातीच्या चित्रात यातलं एकही लक्षण नाही. आणखी एक धास्ती लोक घेतात ती पोवळं खाणाऱ्या लाल-पांढऱ्या आगकिड्याची. तो अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला. आपल्याकडच्या टाक्यांत येणारे दगड बहुतेक हिंदी आणि प्रशांत महासागराकडचे असतात.

मागच्या काचेवरचे पांढरे वळसे वाचून मला बरं वाटलं. ते स्पायरॉर्बिड, नळीत राहणारे इवले किडे. भिंग घ्या आणि दिवसा, पंप चालू असताना, काचेला नाक लावून एकाच ठिपक्याकडे पाच मिनिटं बघत राहा. दोन-तीन मिलिमीटरची चुन्याची नळी असते, चकलीसारखी एकाच पातळीत गुंडाळलेली. थोड्या वेळाने नळीच्या तोंडातून पारदर्शक पिसांचा इवलासा तुरा बाहेर येतो आणि पसरतो. तोच त्याचा श्वास आणि तीच त्याची जेवणाची गाळणी. काचेवर नखाने टिचकी मारा, तुरा इतक्या झटक्यात आत जातो की डोळ्याला दिसत नाही, आणि त्याच्यामागे नळीचं तोंड एका बारीक झाकणाने बंद होतं. पाण्यात तरंगणारं बारीकसारीक गाळून खाणं, एवढंच त्याचं काम. कुणालाच त्रास नाही. समोरच्या काचेवर आले तर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा, मागच्या काचेवर असू द्या.

अशीच नळी पण जाड, वळणावळणाची, काडेपेटीतल्या काडीएवढी, दगडाला चिकटलेली दिसली आणि तिच्या तोंडातून कोळ्याच्या जाळ्यासारखा चिकट धागा सुटताना दिसला तर तो किडाच नव्हे, ती गोगलगायीची एक जात, व्हर्मेटिड. ती वाढली की शेजारच्या पोवळ्यांना त्रास होतो. नळीच्या तोंडावर पोवळ्यांच्या टाक्यांसाठी मिळणाऱ्या सुपरग्लूचा थेंब लावला की काम होतं. तुमच्याकडे ती असल्याचं पत्रावरून वाटत नाही.

वाळूवर पसरणारे पांढरे धागे. याला इंग्रजीत स्पॅगेटी वर्म म्हणतात, आपण शेवया किडा म्हणू या. किडा भोकात बसलेला असतो, तो कधीच पुरा दिसणार नाही. बाहेर येतात त्या त्याच्या मिशा. एकेका मिशीला खालून पन्हळ असते. वाळूतला अन्नाचा कण तिला चिकटला की बारीक केसांच्या हालचालीने तो पन्हळीतून वाहत तोंडापर्यंत जातो. पाटातून पाणी शेतात येतं तसं. संध्याकाळी दिवा तिरपा धरून बघा, कण सरकताना साध्या डोळ्यांनीसुद्धा दिसतात. नातीला हे नक्की दाखवा. धागे ओढू नका, तुटतात. तुटले तर पुन्हा येतात, पण त्या बिचाऱ्याचं जेवण तेवढे दिवस बंद होतं. तुमच्या टाकीत शेवया किडा सात महिने जगलाय, म्हणजे वाळू चांगली आहे.

पुढेमागे दगडाच्या भोकातून करड्या रबरी नळीसारखं काही बाहेर येऊन वाळू चाटताना आणि आत जाताना दिसेल. तो पीनट वर्म, तोही निरुपद्रवी. काचेवर केसाच्या तुकड्याएवढं काही इंग्रजी सी अक्षरासारखं वळवळलं तर सूत्रकृमी. त्यांच्याकडे लक्षही द्यायचं कारण नाही.

उरले समोरच्या काचेवरचे तांबूस, चपटे, तिळाएवढे. तुमच्या यादीत एवढ्यांचीच मला काळजी आहे, तीही थोडी. हे चपटे कृमी. मागच्या टोकाला शेपटीसारखे दोन-तीन टोकदार भाग दिसतात का, भिंगाने बघा. त्यांच्या अंगात शेवाळ वस्तीला असतं, म्हणूनच ते उजेडाच्या जागा धरतात. ते मासा किंवा पोवळं कुरतडून खात नाहीत. पण भराभर वाढतात, दगड झाकून टाकतात आणि खालच्या पोवळ्यांना उजेड मिळू देत नाहीत. शिवाय हजारोंच्या संख्येने एकदम मेले तर अंगातलं विष पाण्यात सुटतं आणि मासे दगावतात. म्हणून औषध घालून एका दिवसात संपवायचं नाही. वीस-पंचवीस असतानाच हाताने काढा. हवेच्या पंपाची बारीक नळी घ्या, एक टोक कृमीवर, दुसरं खाली बादलीत, तोंडावर जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा बांधलेला. पाणी गाळून परत टाकीत घालता येतं, कृमी फडक्यात राहतात. रोज संध्याकाळी दिवे घालवायच्या आधी दहा मिनिटं. तीन आठवडे नेमाने केलंत तर आवाक्यात राहतील.

आता त्या निळ्या बाटलीबद्दल. ती उघडू नका.

तुम्ही लेबलावरची अक्षरं उतरवून पाठवलीत ते फार बरं केलंत. त्यात तांबं आहे. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या काही आजारांवर तांब्याचं औषध चालतं, पण ते वेगळ्या टाकीत, जिथे दगड नाही, वाळू नाही, गोगलगाय नाही. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांना तांबं सहन होत नाही. ते दगडाच्या आणि वाळूच्या चुन्यात शिरून बसतं आणि पुढे कितीतरी दिवस थोडं थोडं पाण्यात सुटत राहतं. दगड कायमचा बाद होतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझी पहिली टाकी याच औषधाने गेली. असाच सल्ला मिळाला होता, मीही घाबरलेली होते, किडे नकोच असं झालं होतं. संध्याकाळी थेंब घातले. पहाटे चारला उठून दिवा लावला तेव्हा वाळूवर ब्रिसल वर्म पडलेले होते, मोजता येणार नाहीत इतके, सगळे भोकांतून बाहेर येऊन मेलेले. माझा एक पिसारा किडा होता, फेदर डस्टर, आठ महिने नळीत राहून रोज सकाळी तपकिरी तुरा उघडायचा. तो नळी सोडून उघडा वाळूवर पडला होता. गोगलगायी काचेवरून गळून उलट्या झाल्या होत्या. दुपारपर्यंत पाणी ताकासारखं झालं आणि संध्याकाळी मासेही गेले, कारण एवढी सगळी मेलेली शरीरं एकदम कुजायला लागली आणि ती खाऊन संपवणारं आत कुणी उरलंच नव्हतं. टाकीत किती किडे राहत होते ते मला त्या पहाटे कळलं. त्याआधी वर्षभर मला फार तर तिघे दिसले होते. बाकीचे दगडाच्या आत काम करत होते.

तुमच्या मंडळींचा उकळत्या पाण्याचा उपाय आपल्या घरातलाच आहे. ढेकणांची बाज, मुंग्यांचं वारूळ, मोरीतल्या गोम्या, सगळ्यांवर आपण तेच केलं. पण या दगडावर उकळतं पाणी ओतायचं नाही, आणि पातेल्यात घालून दगड उकळायचा तर मुळीच नाही. हे त्यांना माझ्या नावाने सांगा, आणि आजच सांगा. तुम्ही लिहिलेली बटणासारखी तपकिरी फुलं बहुतेक झोअँथिड आहेत, म्हणजे पोवळ्यांच्या नात्यातले प्राणी. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, प्राणिसृष्टीत माहीत असलेल्या अतिजहाल विषांपैकी एक. असे दगड उकळले तर ते वाफेबरोबर हवेत येतं. परदेशात घरच्या घरी दगड उकळल्याने आख्खी कुटुंबं खोकला, ताप, धाप लागून दवाखान्यात गेल्याच्या नोंदी आहेत. कोरड्या ब्रशने घासायचाही नाही. त्या फुलांना हात लावताना मोजे, आणि हाताला जखम असेल तर टाकीत हात नाहीच. पाण्यात शांत बसलेली असतात तोवर त्यांचा घरातल्या कुणाला काही धोका नाही.

नाल्यात किंवा विहिरीत ओतायचं तर नावही काढू नका. शहापूर, वडगावात अजून किती विहिरी आहेत आणि उन्हाळ्यात त्यांचं पाणी लागतं. खारं पाणी झिरपलं तर नुकसान शेजाऱ्यांचंच. पाणी बदलताना निघणारं थोडं पाणी बाथरूमच्या मोरीत ओता आणि मागून दोन बादल्या साधं पाणी सोडा.

नातीने चित्रामागे पेन्सिलीने दोन प्रश्न लिहिलेत, ते तुम्ही पाहिलेत की नाही कोण जाणे. पहिला, दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जाणार आहोत, तिथून टाकीसाठी दगड आणू का? बाळा, नाही आणायचा. पोवळ्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. 2001 मध्ये त्यांचं नाव वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत घातलं. दगडावर पोवळं आहे की नाही हे ओलं असताना नवख्याला ओळखता येत नाही, आणि मालवणच्या समुद्रात तर 1987 पासून अभयारण्य आहे. ओहोटीला जा, दगड हळूच उचलून खाली कोण राहतं ते बघ आणि होता तसा परत ठेव. आजोबांना भिंग न्यायला सांग.

लाडूची जागा भरायची असेल तर महिनाभर थांबा, पंप येऊ द्या, चपटे कृमी आवाक्यात येऊ द्या. मग उरलेल्या माशापेक्षा लहान पिल्लू आणा. क्लाउनच्या जोडीत मोठा असतो ती मादी. लाडू बहुतेक मादी होती. ती गेल्यावर उरलेला नर आकाराने वाढतो आणि काही महिन्यांत स्वतःच मादी होतो. बरोबरीचा किंवा मोठा मासा आणलात तर दोघे एकमेकांना फाडतील, लहान आणलंत तर तो नर म्हणून राहील.

नातीचा दुसरा प्रश्न, किड्याला डोळे असतात का? तिने दोन काढलेत. असतात, पण चार. डोक्यावर अगदी लहान, काळे ठिपके, दोन पुढे आणि दोन मागे. आपल्यासारखं चित्र त्यांना दिसत नाही, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. म्हणून तर टॉर्च मारली की पळतात. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद रबराने बांधून दिवे घालवल्यावर तासाभराने बघितलंत तर ते पळत नाहीत. लाल उजेड त्यांना फारसा कळत नाही. कोळंबीचा तुकडा समोरच्या काचेजवळ ठेवा म्हणजे ते काचेशी येतील आणि भिंगातून डोकं नीट बघता येईल. पोरीला त्या दिवशी जरा उशिरा झोपू द्या. चार डोळे दिसले तर तिने नवं चित्र काढून पाठवावं, मी वाट बघते.